चालू गाडीत पाहायचं तेल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाडीच्या तेलाचा वास घेणं. दुपारचे चार वाजले असतील. आमचं शेड घराच्या दाराला लागूनच होतं. गाडी आत चालू ठेवलेली, बॉनेट वर. मी गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली आणि बायकोच्या नाकासमोर धरली. ती कणिक मळता मळता उठून आली होती. हात भरलेले म्हणून तिनं ते मागं धरले, मान पुढं केली, डोळे मिटले आणि वास घेतला.

"कोरं हाय," ती म्हणाली. "जळकं कायबी न्हाई. झाली तुमची गाडी."

"माझी कसली? बाईची."

"मंग बाईला सांगायचं का इसरले?"

"उद्या येऊन राहिल्या बाई गाडी न्यायला. उद्या सांगतो."

"चावी हातात ठेवायच्या आधी सांगायचं. चावी देल्यावर सांगितलं त ते सांगणं न्हाई."

एवढं बोलून ती आत गेली. काय सांगायचं होतं ते कळायला गाडीची सगळी हकीकत ऐकावी लागेल. पण आधी तिच्या नाकाचं सांगतो, कारण माझा निम्मा धंदा त्या नाकावर चालला.

माझं स्वतःचं नाक पेट्रोल आणि तंबाखूनं कधीच मेलेलं. ती डोंगरकडा गावची. माहेरी हळद. कढईतली हळद शिजली का नाही हे तिचा बाप काडी टोचून पाहायचा, आणि ही पोरगी दहा हातांवरून वासावर सांगायची. लग्न होऊन हिंगोलीत आली तेव्हा माझ्या घरी हळद शिजत नव्हती, माझ्या अंगाला येणारा ऑइलचा वास होता. दोन वर्षांत तिला सगळी तेलं कळायला लागली. कोणत्या इंजिनात पाणी शिरलं, कोणाच्या डिझेलात रॉकेल हाय, ती बोट बुडवून सांगायची. गिऱ्हाइकं हसायची. "मिस्त्री, गाडी तुमी पाहता का वहिनी पाहतात?" मी म्हणायचो, "पाहते ती. उघडतो मी." खोटं नव्हतं ते.

मी चौथी शिकलो. बाकी सगळं पान्यानं शिकलो. जीप, ट्रॅक्टर, ट्रक, कोणताही गिअरबॉक्स आणा, झाकण काढायच्या आधी आवाजावर दात सांगायचो. पंचक्रोशीत माझ्यासारखा दुसरा नव्हता. हे मी फुशारकीनं सांगत नाही, होतं तसं सांगतो. आणि त्याच्यातच घोळ झाला.

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. पुसेगावच्या पुढं एका तांड्यावर दोन खोल्यांची शाळा होती, तिथं एक मुख्याध्यापक बाई होत्या. राहायला हिंगोलीत. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायात जीव नाही, पायाला पट्ट्या आणि हातात काठी. रोज काळ्या-पिवळ्या जीपनं जायच्या. जीपवाले पंधरा माणसं कोंबतात, त्यात काठीचं माणूस कुठं बसणार? हैदराबादेत त्यांचा भाऊ होता. त्यानं एक जुनी जपानी गाडी बघून दिली. तिला क्लच नव्हता. दोनच पायडल, एक ब्रेकचं, एक रेसचं. दोन्ही उजव्या पायानं. गिअर गाडी आपला आपण बदलते.

बाई पहिल्यांदा ती गाडी आमच्या शेडसमोर घेऊन आल्या तेव्हा रस्त्यावरची माणसं वाकून खाली पाहायला लागली. शेजारी पंक्चरवाले चाचा होते. ते म्हणाले, "बाई, तिसरं पायडल घरी इसरून आल्या काय?" बाई म्हणाल्या, "चाचा, मला पायच एक दिला, तर पायडल तीन कशाला ठेवू?" माझी बायको जी हसली, तेव्हापासून बाईंची आणि तिची जमली. बाई तिला मावशी म्हणायच्या. गाडी माझ्याकडं आली की बाई शेडमध्ये नाही, चुलीपाशी बसायच्या.

तर बाईंची तक्रार अशी की गाडी उभी राहते तिथं खाली लाल थेंब पडतात. मी खाली घुसलो. गिअरबॉक्सचं तेल गार करायला एक नळी पुढं रेडिएटरकडं जाते, तिचा नट ढिला होता. आवळला. थेंब बंद. मग तेल किती राहिलं ते पाहायला गाडी बंद केली, थोडं थांबलो, पट्टी काढली. खुणेच्या बराबर भरलेलं.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, भाऊ म्हणत होता की या गाडीचं तेल पाहायची पद्धत वेगळी आहे."

मी म्हणालो, "बाई, तेल ते तेल. तीस वर्षं पाहून राहिलो."

हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललो. आजही मला ते बराबर ऐकू येतं.

तीन महिन्यांनी गाडी परत आली. बाईंचं तोंड उतरलेलं. गिअर टाकला की गाडी जरा विचार करते, मग हलते. चढाला इंजिन नुसतं बोंबलतं. कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला जराशा चढावर बाईंची गाडी रांगत होती तेव्हा बाजूनं एक बैलगाडी पुढं निघून गेली, आणि गाडीवान मागं वळून वळून पाहत होता.

मी बसलो. ब्रेक घट्ट दाबला, गिअर टाकला आणि रेस दिली. चांगली गाडी अशा वेळी पुढं रेटते, इंजिन दबतं. ही नुसती ओरडली. मागच्या गिअरलाही तेच. म्हणजे इंजिन ताकद देतं, पण ती चाकापर्यंत पोचतच नाही. पट्टी ओढली. तेल लाल पाहिजे तर काकवीसारखं काळपट. बायकोला हाक मारली. तिनं वास घेतला आणि मान मागं घेतली.

"करपलं हो. तळणाचं तेल इसरून गेल्यावानी."

खालचा चेंबर उतरवला. तळाला काळा गाळ. या गिअरबॉक्समध्ये पातळ पातळ क्लचप्लेटा असतात, तेलाच्या दाबानं एकमेकींना धरतात. त्या जळून त्यांचा चुरा झालेला. मी हात पुसले आणि बाईंना छातीठोक सांगितलं, "गिअरबॉक्स गेला. जुनी गाडी हाय बाई, व्हायचंच होतं. हा दुरुस्त व्हायचा न्हाई, दुसरा बसवावा लागंल."

बाईंनी मान डोलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. दुसऱ्या दिवसापासून त्या परत जीपला लटकल्या.

दुसरा गिअरबॉक्स शोधायला मी हैदराबादला गेलो. तिथल्या भंगारबाजारात एक म्हातारे उस्ताद होते, त्यांच्या दुकानात नुसते असलेच गिअरबॉक्स, भोपळे रचल्यासारखे. बाईंच्या गिअरबॉक्सवरचा नंबर त्यांच्याकडच्या एकाशी जुळला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "जला कैसे?"

"पुराना था."

"पुराना होने से नै जलता मियाँ. तेल कम होने से जलता. नापे थे?"

"नापे थे. पूरा था."

"चालू में नापे के बंद में?"

उस्तादांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी बाजूचं डबडं उचललं, त्याच्यावर तेलानं भरलेली वाटी पालथी केली. "इंजन चालू है तब तेल ऊपर घूमता. बंद करे तो सब नीचे उतर जाता. कम है तो भी पट्टी पूरा बताती. बंद गाडी में पट्टी झूट बोलती मियाँ."

म्हणजे नळीतून तीन महिन्यांआधी जे तेल गळून गेलं होतं ते मी भरलंच नव्हतं. अर्ध्या तेलावर बाई तीन महिने तांड्यावर गेल्या-आल्या, आणि प्लेटा आतल्या आत भाजत राहिल्या. गाडी म्हातारी झाली म्हणून गेली नव्हती. मी घालवली होती. आणि बाईंनी विचारलं होतं.

गिअरबॉक्स एका ट्रकच्या केबिनमध्ये टाकून आणला. घरी आलो तेव्हा बायको तूर निवडत होती. हात न धुता मी तिला सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग बाईची गाडी तुमीच जाळली म्हणा."

"व्हय."

"सांगा मंग त्यायला."

"दुसरा गिअरबॉक्स बसवून देतो, गाडी आधीपेक्षा चांगली पळंल. तेच सांगणं."

"ते काम झालं. सांगणं अलग."

"अगं, कोण्या मिस्त्रीनं गिऱ्हाइकाला असं सांगितलंय आजवर? उद्या गावात होईल. मिस्त्रीला तेल पाहता येत न्हाई म्हणतील."

"आलं न्हाईच ना."

मला राग आला. मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं. हिशोबाची गोष्ट इथं सांगत नाही, त्याचं आम्ही दोघांनी पाहून घेतलं, बाईंना तोशीस पडू दिली नाही. पण तिला तेवढ्यानं पुरत नव्हतं. ती म्हणायची, बाईंना वाटून राहिलं की त्यांचं नशीब खोटं. गाडी मिळाली तीही टिकली नाही, असं त्या चुलीपाशी बसून बोलल्या होत्या. "त्यायच्या नशिबाला काहून बोल लावू देता? चूक तुमची हाय."

असं पंधरा दिवस. रोज एकदा तरी. शेवटी मी म्हणालो, "बरं, सांगतो." मग ती थांबली.

बसवायचं काम दोघांचं होतं. इंजिनाला वरून लाकडी बल्ली आणि साखळी लावून टांगलं, जुना गिअरबॉक्स जॅकवर उतरवला. नव्याच्या तोंडाशी भोपळ्यासारखं गोल भांडं असतं, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. ते आत फिरवत फिरवत ढकलायचं. उस्तादांनी बजावलं होतं, तीनदा आत पडतं, तीनदा हाताला कळतं. दोनदा पडल्यावर बसलं समजून जो बोल्ट आवळतो त्याचा आतला पंप फुटतो. पहिल्यांदा पडलं, दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदा काही केल्या पडेना. सकाळपासून ऊन चढेपर्यंत मी फिरवत होतो आणि त्याच्या आईबापाचा उद्धार करत होतो.

"शिव्या देल्यानं बसंल का ते?" ती म्हणाली.

"तू बसव मंग."

ती खरंच खाली बसली. दोन्ही तळवे भांड्यावर ठेवले आणि जात्याचा खुंटा धरल्यासारखं हळू, एका चालीनं फिरवत राहिली. जोर नाही काही नाही. जरा वेळानं आतून खट झालं आणि भांडं बोटभर आत गेलं. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. उठली, पदर झटकला, आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग भांडं इंजिनाला जोडायचं. बोल्ट एकेक करून एका भोकातून दिसतात. मी खाली पडून पाना धरायचा, तिनं वरून पुढच्या पुलीला दांडा लावून इंजिन फिरवायचं. "थोडं... अजून... बस. थांब." एक बोल्ट आवळला की परत, "थोडं... अजून." सगळी दुपार. दांडा जड होता. दुसऱ्या दिवशी तिचा डावा हात दुखत होता, खांद्यापासून. मी म्हणालो, दांड्यानं दुखत असेल, तेल लाव. तिनं लावलं. मीही तसंच समजलो, तीही तसंच समजली. गाडीचं जे चुकलं ते मी कोणाला तरी सांगू शकत होतो. याचं कोणाला सांगावं ते मला आजही कळलेलं नाही.

पुढचे दोन दिवस नळ्या धुण्यात, चाकांकडं जाणारे दोन्ही बाजूंचे दांडे बसवण्यात गेले. तेल भरलं. या वेळी इंजिन चालू ठेवून, गरम करून, सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून, मगच पट्टी पाहिली. आणि तिनं वास घेतला, ते वर सांगितलं.

"चल," मी म्हणालो, "संगं चक्कर मारून येऊ. बाईच्या आधी तू बस."

"कणिक वाळंल. तुमी या जाऊन. गरम पोळ्या टाकते."

मी कनेरगाव नाक्यापर्यंत गेलो. जिथं बैलगाडी पुढं गेली होती त्याच चढावर मुद्दाम गाडी उभी केली आणि परत काढली. चढली. गिअर कधी बदलला ते कळत नव्हतं, इंजिनाचा आवाज तेवढा एक पायरी खाली उतरायचा. मी एकटाच गाडीत मोठ्यानं म्हणालो, "वा रे वा!" मला लाज वाटत नाही सांगायला. काम झकास झालं होतं आणि ते आम्ही दोघांनी केलं होतं.

परत आलो, गाडी नेहमीसारखी शेडमध्ये नाकानं आत घातली, बंद केली. "अगं, ऐकलं का, चढ कसा चढली..." असं म्हणत आत गेलो. घरात धूर होता. तव्यावरची पोळी कोळसा झालेली. दुसऱ्या कोणाला रस्त्यावरूनच वास आला असता. मला धूर दिसला तेव्हा कळलं. ती भिंतीला टेकून बसली होती, लाटणं मांडीवर. मी आधी तवा उतरवला. का उतरवला ते विचारू नका. मग तिला हात लावला.

डॉक्टर येऊन गेला. हृदय म्हणाला. पोरगी वाशिमला दिलेली, ती आणि जावई येईपर्यंत अंधार पडला, म्हणून माती सकाळी द्यायची ठरली.

सकाळी माणसं जमली. बायका आत बसल्या. चाचांनी बांबू आणले, तिरडी बांधायला घेतली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. घरातून बाहेर यायची वाट शेडमधून, आणि शेडमध्ये गाडी.

"मिस्त्री," चाचा माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "गाडी बाहेर घ्यावी लागते. भाभीला कुठून नेणार? चावी द्या, मी काढतो."

मी चावी खिशातच धरून ठेवली. "ज्याची गाडी त्यायलाच येऊ द्या," मी म्हणालो. एकदोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

बाई जीपनं आल्या. त्यांना गाडी न्यायला यायचं होतं, पण निरोप पोचला होता, डोळे लाल होते. काठी टेकत सरळ आत जायला निघाल्या. मी गाडीपाशी आडवा झालो.

"बाई, एक सांगायचं हाय."

"मिस्त्री, आत्ता नको. नंतर."

"आत्ताच. तिनं चावीच्या आधी म्हणलं होतं, आणि चावी आत्ता द्यावी लागते." मग मी सांगून टाकलं. "तुमची गाडी जुनी म्हणून न्हाई गेली. मी तेल बंद गाडीत पाह्यलं. कमी होतं, मी पुरतं हाय समजलो. तुमी इचारलं होतं, मी ऐकलं न्हाई. गिअरबॉक्स मी जाळला. तुमच्या नशिबानं न्हाई."

बाई उभ्या राहिल्या. चाचांचा हात सुतळीवर थांबला. त्यांनी सगळं ऐकलं होतं, म्हणजे गावानं ऐकल्यासारखंच होतं.

"महिनाभर मी जीपला लटकले," बाई म्हणाल्या.

"व्हय."

"पोरं शाळेच्या दाराशी बसून राहायची."

"व्हय."

"मला राग आलाय, मिस्त्री. आणि आज तो बोलताही येत नाही."

"नंतर बोला. पण बोला."

त्यांनी घराच्या दाराकडं पाहिलं. "मावशींना माहीत होतं?"

"तिनंच सांगायला लावलं. न्हाई त मी सांगणारा न्हाई."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. शाळेत विचारावं तसं विचारलं, "मग दाखवा. तेल कसं पाहायचं?"

मी गाडी सुरू केली. आतून बायकांतली कोणीतरी म्हणाली, "म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं काय? आज गाडी चालू करून राहिला." पोरीचा आवाज आला, "असू द्या. आईला त्या आवाजाची सवय हाय."

इंजिन गरम होईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो. मग ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या गिअरांतून फिरवला, जागेवर आणला, गाडी चालूच ठेवली. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. बाईंना खूण दाखवली. तेल लाल, खुणेच्या बराबर. मग सवयीनं माझा हात पट्टी घेऊन उजवीकडं वळला. तिकडं ती उभी राहायची. हात तसाच राहिला. बाईंनी काठी गाडीला टेकवली, माझं मनगट धरून पट्टी आपल्या नाकापाशी नेली आणि वास घेतला.

"जळकं नाही," त्या म्हणाल्या.

मी पट्टी जागेवर बसवली, बॉनेट लावलं आणि मग म्हणालो, "आता गाडी तुमची." सुरू गाडीतच चावी होती, तिच्याकडं बोट दाखवलं. बाई बसल्या, एका पायानं ब्रेक सोडला आणि गाडी मागं घेतली. आवाज न करता बाहेर निघाली. शेड मोकळं झालं. खाली फरशीवर मी नजर टाकली, एक थेंबही नव्हता.

मग आम्ही तिला त्या वाटेनं बाहेर आणलं. मी विस्तवाचं मडकं उचललं आणि पुढं झालो.